पंचेचाळीस सेकंद

मंगळवार, सकाळचे सात.
वाशीतल्या हॉटेलचा तळघरातला हॉल,
एसी असा, की टेबलापर्यंत येईतो उपमा गार.
छातीवर नावाचा बिल्ला, खिशात पन्नास कार्डं,
आणि एका धंद्याला एकच खुर्ची, हा इथला कायदा:
दातांची डॉक्टर एक, टाइल्सवाला एक,
जीएसटीवाला एक, लग्नाचे हॉल सजवणारा एक.
स्प्रिंगांचा मी.

रबाळ्याला सहा मशिनं, अकरा माणसं.
बावीस वर्षं तार वळवतो आहे,
पण उभं राहून बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला.
म्हणून गाडीत, ऐरोलीच्या सिग्नलला, काच वर करून घोकतो:
"नमस्कार, मी विद्याधर खांबेटे, खांबेटे स्प्रिंग्ज.
आमचं ब्रीद – दाबलेलं परत येतं."
ब्रीद जाहिरातवाल्या रोहिणीनं दिलं, तीन हजारांत.
लोक हसतात, लक्षात ठेवतात. पैसे वसूल.

प्रत्येकाला पंचेचाळीस सेकंद.
मग घंटा वाजवतात ढमढेरे, इन्शुरन्सवाले.
देवघरातली पितळी घंटा, घरून आणलेली.
माणसाच्या मरणावर रंगात येऊन बोलत असतानाही
त्यांनी ती स्वतःवर वेळेत वाजवली आहे.

नंतर चिठ्ठ्या. यानं त्याला काम दिलं – टाळ्या.
महिनाअखेर बेरीज पडद्यावर येते, शून्यं मोजताना बोट लागतं.
ती बेरीज चिठ्ठ्यांची.
वसुलीची वही वेगळी असते, ती पडद्यावर येत नाही.

गोठिवलीचे केणी तीन मंगळवार आले नाहीत.
आग विझवायच्या सिलिंडरांचा धंदा.
तीन खाडे म्हणजे खुर्ची जाते
(कोपरखैरण्याचा एक तरणा फायरवाला अर्ज भरून बसलेलाच),
पण चौथ्याला बदली माणूस पाठवायची मुभा आहे.
आल्या त्यांच्या बायको, कुंदाताई.
अंबाड्यात अबोली, हातात कापडी पिशवी,
बिल्ल्यावर नवऱ्याचंच नाव.

"मना भाषण येत नाय," म्हणाल्या.
"यांचा उजवा हात पडलाय, बोलणं पडलंय. कान शाबूत.
सिलिंडर मी भरून देते. आधीपण मीच भरायची.
आता वाचते."

पिशवीतून वही निघाली.

"टाइल्सचं गोडाऊन, तुर्भे, नऊ सिलिंडर, गणपतीपासून.
दातांचा दवाखाना, दोन, होळीपासून.
हॉल सजावट, चौदा, त्यातले सहा तर परतपण नाय आले..."

कुणी उपम्यात काजू शोधू लागलं.
कुणाला फोन आला, न वाजताच.
चौथं नाव जीएसटीवाल्याचं.
पाचव्याला त्यांनी "ढम" एवढंच म्हटलं
आणि घंटा वाजली.
समोरच्या घड्याळात एक्केचाळीस.

कुंदाताईंनी घड्याळ बघितलं, ढमढेऱ्यांना बघितलं.
"संपली असंल वेळ," म्हणाल्या,
आणि येऊन बसल्या माझ्या शेजारी.

सहावं नाव मला माहीत होतं.
रबाळे, चार सिलिंडर, दिवाळीपासून.
एक दाराशी टांगलेला, तीन अजून खोक्यात.

त्यांनी उपमा खाल्ला, चमचा बाजूला ठेवून, हातानं,
पूर्ण ताटली.
वही मांडीवर, डाव्या हाताचं बोट त्या पानात.
माझ्याकडे बघितलं नाही.
कार्ड तेवढं मागितलं, सगळेच मागतात तसं,
आणि ते त्याच पानात, बोटाच्या जागी, ठेवलं.

"पुढचे," ढमढेरे म्हणाले, घसा साफ करून. "स्प्रिंग्ज."

उभा राहिलो.
नाव सांगितलं. कारखाना सांगितला. मशिनं सहा, माणसं अकरा.
ब्रीदाशी आलो.
चाळीस तोंडं हसायच्या तयारीत, सवयीनं, अर्धी उघडी.
"दाबलेलं," म्हणालो,
"दाबलेलं..."
आणि घंटेची वाट बघत राहिलो.